चुळबुळ, तगमग, आकांत : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

पहिल्याच पानावर प्रश्न नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. डिमेन्शिया असलेल्या माणसाची अस्वस्थता टोकाला जाणार आहे, हे अर्धा तास आधी कळू शकेल का? अर्धा तास अशासाठी, की तेवढ्यात कुणीतरी जाऊन शेजारी बसू शकतं. दोन मिनिटं आधी कळलं तर धावपळच होते, आणि ‘उद्या कधीतरी’ एवढंच कळलं तर काहीच करता येत नाही.

डिमेन्शिया म्हटलं की बाहेरच्यांना विसरणं आठवतं. सांभाळणारे मात्र विसरण्याबद्दल फारसं बोलत नाहीत. ते बोलतात येरझाऱ्यांबद्दल, ओरडण्याबद्दल, आंघोळीच्या वेळी उगारलेल्या हाताबद्दल. हे काही नवं नाही. १९०१ साली अलॉइस अल्झायमर यांनी फ्रँकफर्टमध्ये ज्या ऑगस्टे डेटर या बाईंना तपासलं, त्यांच्या वर्णनातही विसरण्याच्या बरोबरीने संशय, भीती आणि तासन्‌तास ओरडणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता. म्हणजे हा प्रश्न किती घरांत रोज उभा राहत असेल!

आमच्याकडे निवासी केंद्रातले नऊ जण आहेत. घरच्यांची लेखी संमती आहे. शिवाय रोज सकाळी मनगटाला नाडी-हालचाल टिपणारा पट्टा बांधताना त्या माणसालाही विचारायचं, असं ठरवलं आहे. हात मागे घेतला तर तो नकार. त्या दिवशी पट्टा नाही.

१३ जानेवारी

लेबलचा प्रश्न. मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून शिकून अंदाज बांधणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, ‘इथे उद्रेक झाला’ असं शिकवायचं तर उद्रेक म्हणजे काय हे आधी आपल्याला ठरवायला हवं.

कोहेन-मॅन्सफील्ड यांची यादी सगळीकडे वापरली जाते. तिच्यात २९ वर्तनं आहेत : येरझाऱ्या, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, वस्तू लपवणं, चावणं, ढकलणं वगैरे. प्रत्येक वर्तन किती वेळा घडलं याला १ ते ७ गुण. एखादं औषध उपयोगी पडतंय का हे पाहायला ती उत्तम आहे, पण ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. मला मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काय झालं ते हवं आहे. पिट्सबर्गची मोजपट्टी त्यापेक्षा जवळची. तिच्यात ओरडणं, हालचाल, आक्रमकता आणि मदतीला विरोध असे चार गट आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि ती एका पाळीपुरती भरता येते. तरीही पाळी म्हणजे कित्येक तास.

वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मनोजराशास्त्र संघटनेची अस्वस्थतेची २०१५ ची व्याख्या आज पुन्हा वाचली. अति हालचाल, शाब्दिक आक्रमकता किंवा शारीरिक आक्रमकता असावी, आणि त्यासोबत माणसाला भावनिक त्रास होत असल्याचं दिसावं. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. एखादे आजोबा दिवसभर फेऱ्या मारतात आणि मजेत असतात. त्यांना कुणी अडवलं नाही तर तिथे उद्रेक नाहीच. पट्ट्याला मात्र नुसत्या फेऱ्याच दिसतात.

१७ जानेवारी

केंद्रातल्या जुन्या नोंदवह्यांची पानं संगणकावर चढवून झाली. उद्रेकाच्या वेळांचा आलेख काढला आणि तो पाहून दचकले. दुपारी दोनच्या आणि रात्री आठच्या आधी उंच मनोरे, मध्ये जवळपास सपाट. त्या पाळी बदलायच्या वेळा आहेत. नोंदी पाळी संपताना बसून लिहिल्या जातात आणि वेळ आठवून टाकली जाते : ‘साडेबारा’, ‘एक’, ‘पावणेदोन’. यावर मॉडेल शिकवलं असतं तर ते लोक केव्हा लिहायला बसतात हे शिकलं असतं.

कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या क्षणी आजी ओरडत असतात त्या क्षणी हातात पेन धरून कोण उभं राहील? प्रत्येक खोलीच्या दाराशी एक बटण लावतो आहोत. काही घडलं की येता-जाता दाबायचं, एवढंच. वेळ बटणाने टिपायची, काय झालं ते सावकाश लिहायचं.

जुन्या नोंदी शिकवण्यासाठी वापरायच्या नाहीत. कित्येक महिन्यांचा माल हातचा गेला, पण चुकीच्या वेळेचं लेबल हे लेबल नसण्यापेक्षा वाईट.

२४ जानेवारी

आज दिवसभर केंद्रात सगळ्यांचं करणाऱ्या मावशींबरोबर होते. खरं तर प्रकल्पाची सुरुवात आज झाली असं म्हणायला हवं.

मी त्यांना विचारलं, “उद्रेक होणार हे तुम्हाला आधी कळतं का?” त्या म्हणाल्या, “उद्रेक काय असतो ताई ते मला माहीत नाही. चुळबुळ कळते.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दशः उतरवून घेतलं. चुळबुळ म्हणजे चादरीचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं. बसल्या जागी पाय हलत राहायचे. त्यानंतर माणूस कावराबावरा होतो. नजर दाराकडे, कुणी आलं की आधी चेहरा निरखायचा. मग तगमग : उठायचं, दोन पावलं जायचं, परत यायचं, ‘मला घरी जायचंय’ हे एकच वाक्य. इथपर्यंत हात धरू देतात. चिडचिड सुरू झाली की हात झटकतात. आणि शेवटी आकांत. “आकांताला पोचल्यावर बोलून काही होत नाही,” मावशी म्हणाल्या. “तेव्हा फक्त जवळ थांबायचं आणि लागू द्यायचं नाही, त्यांना आणि आपल्याला.”

मी इतके दिवस ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोनच खान्यांत हे सगळं कोंबत होते. आपल्या भाषेत अस्वस्थतेच्या इतक्या पायऱ्या आहेत, आणि या बाई त्या रोज तंतोतंत वापरतात. ‘तगमग’ आणि ‘चिडचिड’ यांच्यामध्ये तर एक फार उपयोगी रेषा आहे : स्पर्श चालतो की नाही.

पुढे त्या जे बोलल्या त्यानं मात्र माझी मांडणी विस्कटली. “सगळे असे पायरी पायरीनं जात नाहीत हं. त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी गप्प होतात. अगदी पुतळ्यासारख्या. त्या गप्प झाल्या की मला भीती वाटते.”

म्हणजे एका माणसाची धोक्याची खूण हालचाल वाढणं, तर दुसऱ्याची हालचाल थांबणं. सगळ्यांचा डेटा एकत्र करून एकच रेघ ओढली तर या आजी कायम ‘शांत’ खात्यात जातील. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या दिवसाशी करायची, हे आज पक्कं झालं.

२९ जानेवारी

मावशी आणि सिस्टर या दोघींनी तेच प्रसंग स्वतंत्रपणे लेबल केले, एकमेकींचं न बघता. ‘आकांत’ आणि ‘तगमग’ यांवर त्यांचं छान जुळतं. ‘कावराबावरा’ आणि ‘चुळबुळ’ यांत मात्र गोंधळ होतो, म्हणून त्या दोन्ही एकाच पायरीत घातल्या. आता चार पायऱ्या.

आता आकांताऐवजी तगमगीचा अंदाज बांधायचा. हात धरू देण्याची वेळ तोवर गेलेली नसते.

३ फेब्रुवारी

यंत्रांकडे वळले. पट्टा नाडीची लहर सेकंदाला ६४ वेळा टिपतो, हालचाल ३२ वेळा, त्वचेची विद्युतवाहकता आणि तापमान ४ वेळा. गादीखाली एक चटई आहे, ती रात्रीचं उठणं-बसणं आणि श्वासाचा वेग सांगते. खोलीत हालचालीचा सेन्सर आहे. कॅमेरा नाही. तो आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही.

त्वचेच्या वाहकतेवर माझी फार भिस्त होती. ताण आला की सिम्पथेटिक मज्जासंस्था (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी) घामाच्या ग्रंथींना चेतवते आणि वाहकता चढते, हे खरं. पण म्हातारपणी त्वचा कोरडी असते, मनगटाला तळहाताइतका घाम येत नाही, आणि अँटिकोलिनर्जिक गुणाची (अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाचं काम अडवणारी) औषधं चालू असतील तर घाम आणखी कमी. कित्येकांची रेघ दिवसभर सपाट दिसते. नाडीचंही तसंच. बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयासाठीची औषधं) घेणाऱ्यांचे ठोके ताणातही फारसे वाढत नाहीत, आणि स्मृतीसाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलनेही नाडी मंदावू शकते. औषधांचा तक्ता न पाहता ‘नाडी स्थिर, म्हणजे माणूस शांत’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. सिस्टरकडून प्रत्येकाचा तक्ता घेतला.

हालचालीचा डेटा त्या मानाने भरवशाचा. सगळ्यांत बोलका आहे तो चटईचा : आदल्या रात्री झोप किती वेळा मोडली.

११ फेब्रुवारी

पहिलं मॉडेल चालवलं, रँडम फॉरेस्ट : हो-नाही प्रश्नांची अनेक झाडं आणि त्यांचं बहुमत. निकाल इतका चांगला आला की आनंद होण्याऐवजी पोटात गोळा आला.

शोधायला संध्याकाळ गेली. दोन चुका सापडल्या. मी पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून ते पिसले होते आणि काही शिकवायला, काही तपासायला ठेवले होते. एकाच प्रसंगाचा पहिला तुकडा शिकवण्यात आणि त्याच्या लगतचा तुकडा तपासणीत. हे म्हणजे परीक्षेचा पेपर आदल्या दिवशी वाचायला देण्यासारखं. आता आधीचे आठवडे शिकवायला, नंतरचे तपासायला. त्याखेरीज एक वेगळी चाचणी : आठ जणांवर शिकवायचं आणि नवव्यावर तपासायचं.

दुसरी चूक जास्त लपलेली होती. खोलीतल्या सेन्सरला माणूस कोण ते कळत नाही. तगमग सुरू झाली की कर्मचारी खोलीत जातात, हालचाल दुपटीने दिसते, आणि बटण त्यानंतर दाबलं जातं. मॉडेल आजींचा अंदाज बांधतच नव्हतं. मावशी आत गेल्या आहेत एवढंच त्याला कळत होतं. मावशींना जे आधीच कळलं होतं, ते मॉडेल त्यांनाच परत सांगत होतं. बटणाच्या आधीची पंधरा मिनिटं आता पूर्ण वगळली आहेत.

दोन्ही दुरुस्त्यांनंतर निकाल बराच खाली आला. आता त्यावर विश्वास ठेवता येतो.

१५ फेब्रुवारी

तुलनेसाठी फक्त घड्याळ बघणारं मॉडेल बनवलं. त्याला नाडी माहीत नाही, झोप माहीत नाही, वाजले किती तेवढंच माहीत. लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ते आमच्या सगळ्या सेन्सरांच्या फार मागे नाही.

कारण उघड आहे. बऱ्याच जणांची अस्वस्थता दिवस कलताना वाढते. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ, म्हणजे हायपोथॅलॅमसमधला सुप्राकायझ्मॅटिक केंद्रक, या आजारात झिजतो. त्यात दिवसभराचा थकवा, उतरता उजेड, लांबलेल्या सावल्या. पण ‘संध्याकाळी अस्वस्थ होतात’ हे सांगायला मनगटाला पट्टा कशाला हवा? घड्याळाला जे कळतं त्याच्या पलीकडे आपल्याला काय कळतं, तेवढंच मोजायचं. कोपऱ्यातल्या आजींच्या बाबतीत ते बरंच आहे. दोघांच्या बाबतीत काहीच नाही, आणि त्या दोघांचे पट्टे मी उद्यापासून बंद करते आहे. उपयोग नसताना कुणाच्या हाताला काही बांधून ठेवायचं नाही.

२० फेब्रुवारी

कागदावर साधा हिशोब केला. खरं तर तो पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

समजा एका माणसाच्या जागेपणीच्या १००० तासांपैकी २० तासांत तगमग होते. मॉडेल त्यातले ८० टक्के पकडतं : १६. उरलेल्या ९८० तासांत ते फक्त १० टक्के वेळा चुकून वाजतं : ९८. म्हणजे एकूण ११४ इशारे, त्यातले खरे १६. सातातला एक. दिवसाचे १६ तास जागेपणी धरले तर १००० तास म्हणजे साधारण ६२ दिवस. माणशी रोज जवळपास दोन इशारे. नऊ जण असतील तर पाळी सांभाळणाऱ्यांच्या कानाशी रोज सोळा-सतरा वेळा घंटी, आणि त्यातल्या चौदा फुकट. चौथ्या दिवशी ती घंटी उशीखाली जाईल.

पकड ८० टक्क्यांवरून खाली आली तरी चालेल, पण फुकटची हाक कमी व्हायला हवी. उंबरठा, म्हणजे किती शक्यता दिसली की इशारा द्यायचा ती पातळी, वर नेला. माणशी आठवड्याला सरासरी दोनपेक्षा जास्त इशारे जाणार नाहीत अशी मर्यादा घातली. यात काही प्रसंग सुटणार. ते आतासारखेच मावशींच्या नजरेवर.

४ मार्च

आज बैठकीत मन खट्टू झालं. कुणीतरी सहज म्हणालं, “आधी कळणार असेल तर आधीच गोळी देता येईल.”

ही भीती मला पहिल्यापासून होती. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवर दिल्या जाणाऱ्या) औषधांबद्दल सगळ्यांत कडक इशारा दिला. १७ चाचण्यांत औषध घेणाऱ्यांतला मृत्यूचा धोका १.६ ते १.७ पट आढळला होता. २००८ मध्ये जुन्या पिढीची औषधंही त्यात आली. अल्झायमरमधल्या अशा अस्वस्थतेसाठी तिथे पहिलं औषध, ब्रेक्सपिप्राझोल, २०२३ मध्ये मंजूर झालं, पण त्याच्यावरही हाच इशारा छापलेला आहे. लेवी बॉडी डिमेन्शियात तर या गटातल्या औषधांनी शरीर ताठरणं, शुद्ध हरपणं असं भयंकर होऊ शकतं. जिवाला धोका असतो तेव्हा डॉक्टर विचारपूर्वक औषध देतात, ती गोष्ट वेगळी. यंत्राने ‘शक्यता’ म्हटलं म्हणून न घडलेल्या गोष्टीवर गोळी, हे मला मान्य नाही.

मी स्पष्ट बोलले, आवाज थोडा चढलाही. लेखी नियम झाला : इशारा औषधांच्या तक्त्याला जोडायचा नाही. इशारा आला की कुणीतरी उठून त्या माणसाकडे जायचं आणि पाहायचं. दुखतंय का, लघवी लागली आहे का, पोट साफ आहे का, तहान, थंडी, आवाज, चश्मा, कानातलं यंत्र.

दुखणं मुद्दाम पहिलं ठेवलं. २०११ साली नॉर्वेतल्या नर्सिंग होममध्ये ३५२ जणांवर झालेल्या चाचणीत, वेदनेवर पायरीपायरीने आठ आठवडे उपचार केल्यावर कोहेन-मॅन्सफील्ड यादीवरची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. ज्याला ‘माझा गुडघा दुखतो’ हे वाक्य जुळवता येत नाही, तो हात उगारून तेच सांगत असतो. सिस्टर आता पाच मुद्द्यांची वेदना-पट्टी वापरतात : श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची ठेवण, समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकाला ० ते २ गुण.

१८ मार्च

इशारे प्रत्यक्ष सुरू करून दहा दिवस झाले. एक विचित्र पेच.

परवा दुपारी कोपऱ्यातल्या आजींचा इशारा आला : रात्री झोप चारदा मोडली, गेली चाळीस मिनिटं हालचाल नेहमीपेक्षा फार कमी. मावशी गेल्या. आजींच्या चपलेत मोज्याची घडी अडकून पायाला वळ पडला होता. मोजा सरळ केला, पाय चोळला, शेजारी बसल्या. काही झालं नाही.

काही झालं नाही, म्हणून माझ्या तक्त्यात हा इशारा ‘खोटा’ म्हणून नोंदला गेला.

मॉडेल जितकं चांगलं आणि माणसं जितकी तत्पर, तितका आकड्यांत प्रकल्प वाईट दिसणार. त्याहून वाईट म्हणजे हाच डेटा पुन्हा शिकवायला घेतला तर मॉडेल शिकेल की रात्रीची मोडलेली झोप आणि दुपारचं गप्प होणं यांत काळजीचं काही नाही. ज्या खुणेमुळे आपण वेळेत पोचलो, तीच खूण ते विसरेल.

तक्त्यात तिसरा रकाना वाढवला : ‘गेल्यावर काय सापडलं, काय केलं’. ज्या इशाऱ्यानंतर कुणी काही केलं, तो खराही नाही आणि खोटाही नाही. तो शिकवण्यातून वगळायचा आणि वेगळा वाचायचा. पक्कं उत्तर हवं असेल तर काही इशारे चिठ्ठी टाकून दडवायचे आणि पुढे काय होतं ते पाहायचं, अशी एक पद्धत आहे. अभ्यास म्हणून ती शुद्ध आहे. पण पायात घडी रुतत असताना इशारा दडवून पाहत राहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. त्याऐवजी दर आठवड्याला रकाना वाचून सिस्टर ठरवतील की तिथे जाण्यासारखं काही होतं का.

२७ मार्च

एका आजोबांचे इशारे अचानक दोन दिवसांत वाढले, तेही पहाटे, त्यांची नेहमीची वेळ नसताना. उंबरठा बिघडला म्हणून मी कोड उघडून बसले होते. सिस्टरनी तक्ता पाहिला आणि सरळ डॉक्टरांना फोन केला. लघवीत जंतुसंसर्ग, त्यावर आलेला डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी सरकतो. जे तासा-दिवसांत बदलतं त्यामागे बहुतेक वेळा शरीरातलं काहीतरी ताजं कारण असतं.

मी यंत्रातली चूक शोधत होते आणि यंत्र बरोबर होतं. नवा नियम : एखाद्याची दोन दिवसांची नक्षी त्याच्या महिन्याच्या नक्षीहून फार वेगळी दिसली, तर तो इशारा पाळीवरच्या माणसाकडे न जाता थेट सिस्टरकडे जाईल आणि त्यावर ‘डॉक्टरांना दाखवा’ असं लिहिलेलं असेल. आजोबा आता बरे आहेत. पट्टा बांधताना आज त्यांनी हात स्वतःहून पुढे केला.

५ एप्रिल

इशाऱ्याचा मजकूर ठरवायला मावशींना घेऊन बसले. पडद्यावर होतं : ‘रुग्ण ४. अस्वस्थतेची शक्यता ७३ टक्के.’

मावशी म्हणाल्या, “त्र्याहत्तर म्हणजे मी चालत जाऊ की पळत?” टक्का काढला. मग म्हणाल्या, “रुग्ण चार कोण? नाव लिहा.” नाव लिहिलं. “आणि का ते लिहा. नुसतं जा म्हटलं तर मी जाऊन काय बघू?”

आता पडद्यावर आजींचं नाव येतं आणि त्याखाली : ‘रात्री झोप मोडली. मघापासून गप्प आहेत. बसून या.’

‘बसून या’ हे मावशींचे शब्द. मी ‘भेट द्या’ लिहिलं होतं. सोमवारपासून रात्रपाळीलाही हाच मजकूर जाईल. रात्री एकटीच मावशी असते, तेव्हा दोन इशारे एकदम आले तर कुठला आधी, हे अजून ठरवायचं आहे.